कार्यकर्त्याला पोलिसांनी उचललं तर पहिल्या ७२ तासांत कोणते कागद पक्के करायचे? (पुणे)

मुठाकाठ

नमस्कार. वस्त्यांमध्ये, कामगार संघटनांत आणि विद्यार्थ्यांत काम करणाऱ्यांसाठी चार पानांचं टिपण तयार करतोय. आंदोलनातून किंवा घरातून कार्यकर्त्याला उचललं, कोठडीत मारहाण झाली किंवा जीवच गेला, तर पहिल्या तीन दिवसांत बाहेरच्या माणसांनी नेमकं काय करायचं, एवढाच विषय. कोणत्या टेबलावर कोणता अर्ज द्यायचा, त्यात काय लिहायचं आणि कुठे हमखास चूक होते, हे हवंय.

अडलेल्या जागा अशा: "ताब्यात घेतलंय, अटक नाही" असं ठाण्यातून सांगतात तेव्हा काय मागायचं? वैद्यकीय तपासणीत काय नोंदवून घ्यायचं? मृत्यू झाला तर शवविच्छेदनाआधी घरच्यांच्या हातात काय असतं? सीसीटीव्ही कसा वाचवायचा? आणि सगळ्यांच्या तोंडी अजून सीआरपीसीची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची) कलमं आहेत. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यातली कलमं कळली तर बरं.

शिवाजीनगर_कोर्ट

कायद्याची बाजू मी मांडतो, वैद्यकीय भाग त्यातल्या जाणकारांनी सांगावा.

टिपणात सगळ्यात वर हे घाला: ताब्यातल्या माणसाची नोंद एकाच ठिकाणी होत नाही. ठाण्याची स्टेशन डायरी, रुग्णालयाचं एमएलसी (पोलीस प्रकरणांचं) रजिस्टर, न्यायालयाचा रिमांड (कोठडीचा) आदेश आणि तुरुंगात दाखल करून घेतानाची नोंद, अशा चार खात्यांच्या चार कागदांवर त्याचं नाव, वेळ आणि अंगावरच्या खुणा येतात. प्रकरण दाबायचं तर हे चारही एकमेकांशी जुळवावे लागतात, आणि तिथेच गाडी अडते. बाहेरच्यांनी बघायचं ते हे, की प्रत्येक कागदावरची वेळ त्या त्या वेळीच पक्की व्हावी, मागाहून भरायला जागा राहू नये.

आता "ताब्यात, अटक नाही". आंदोलनातून उचलल्यावर पुण्यात बहुतेकदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ६८ खाली ताब्यात आणि ६९ खाली सुटका दाखवतात. नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७० (जुनं १५१) लावतात, त्यात २४ तासांपलीकडे ठेवता येत नाही. तिसरा प्रकार ३५(३) च्या नोटिशीचा, म्हणजे जुनी ४१अ. यातलं नेमकं कोणतं, हे लेखी विचारा. ठाणे अंमलदाराकडे दोन प्रतींत अर्ज, एकीवर शिक्का, सही आणि वेळ. मजकूर असा: अमुक नावाच्या व्यक्तीला अमुक वाजता अमुक ठिकाणाहून अमुक क्रमांकाच्या गाडीतून नेलं, ती आत्ता कुठे आहे, कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याच्या ताब्यात, आणि स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक व वेळ काय. पोहोच देत नसतील तर वाद घालत बसू नका. तोच मजकूर ठाण्याच्या, परिमंडळाच्या उपायुक्तांच्या आणि आयुक्तालयाच्या ईमेलवर टाका आणि ११२ ला फोन करून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. त्या फोनची नोंद ठाण्याबाहेर होते, म्हणून तिचं मोल जास्त.

इथे एक चूक फार होते. घाबरलेले सहकारी अर्जात "अमानुष मारहाण चालू आहे" असं न बघताच लिहितात. पुढे त्याच वाक्यावर उलटतपासणी होते आणि खरं असलेलंही खोटं ठरतं. दिसलं तेवढंच लिहा: कॉलर धरून ओढलं, डाव्या भुवईवर रक्त होतं, चष्मा पडला, तो उचलू दिला नाही.

अटक दाखवली तर कलम ३६ प्रमाणे अटक पंचनामा हवा, त्यावर एका साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही हवी. कलम ४८ खाली त्याने सांगितलेल्या माणसाला कळवणं बंधनकारक आहे. ३८ खाली चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ बसता येत नाही. कलम ३७ नुसार अटकेतल्यांची नावं प्रत्येक ठाण्यात दर्शनी लावायची असतात. तो फलक कोरा असेल तर त्याचा फोटो बाहेरून, वेळ दिसेल असा काढून ठेवा. अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत, निदान रिमांडच्या दोन तास आधी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा प्रकरणात हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं.

२४ तास मोजायचे ते माणसाला अडवल्यापासून. पंचनाम्यावर लिहिलेल्या वेळेपासून मोजू नका. मुंबई उच्च न्यायालयाने हे १९९० मध्येच सांगितलंय. म्हणून तो पहिला अर्ज आणि ११२ चा क्रमांक जिवापाड जपा.

मग रिमांड. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं ही. न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" शेजारी तेच पोलीस उभे असतात, आणि भेदरलेला माणूस "नाही" म्हणतो. तो शब्द कायमचा चिकटतो. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात डिसेंबर २०२४ च्या अधिवेशनात सरकारने हेच पुढे केलं होतं, की मॅजिस्ट्रेटसमोर त्याने मारहाणीची तक्रार केली नाही. म्हणून वकिलाने आधीच विनंती करावी: पोलिसांना दूर उभं करा, सदरा वर करून पाठ, तळपाय आणि तळहात बघा, आणि जे दिसतं ते आदेशात लिहा. तोंडी विनंती नोंदली गेली नाही तर तिथल्या तिथे हाताने लिहिलेला अर्ज द्या. अर्ज फेटाळला तरी फेटाळल्याची नोंद राहते.

नव्या कायद्यात आणखी एक फरक आहे. पोलीस कोठडीचे १५ दिवस आता सलगच घ्यावे लागतात असं नाही. कलम १८७ प्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यांनी मागता येतात. म्हणजे माणूस तुरुंगातून पुन्हा ठाण्यात येऊ शकतो. अशा प्रत्येक अदलाबदलीला आधी आणि नंतर वैद्यकीय तपासणी मागा.

न्यायवैद्यक_नोंदी

जखमांपासून सुरू करते.

अटकेनंतर लगेच तपासणी करणं कलम ५३ खाली येतं (जुनं ५४). त्यात जखमा आणि त्या अंदाजे कधीच्या, दोन्ही लिहायचं असतं, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला द्यायची असते. ही प्रत जवळजवळ कुणी मागत नाही. मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाप्रमाणे कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी.

"जनरल कंडिशन फेअर, नो फ्रेश इन्ज्युरी" एवढ्यावर कागद संपला असेल तर त्याला तपासणी म्हणता येत नाही. प्रत्येक जखमेपुढे पाच गोष्टी हव्यात: प्रकार (मुका मार, खरचटणं, फाटलेली, कापलेली), सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी, शरीरावरची नेमकी जागा, रंग आणि आकार. रंगावरून वयाचा ढोबळ अंदाज येतो. मुका मार आधी लालसर, मग निळा-जांभळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, आठवड्यानंतर पिवळट होतो आणि सुमारे दोन आठवड्यांत जातो. सावळ्या त्वचेवर हे रंग दबून दिसतात, म्हणून उजेडात बघणं आणि दाबून दुखरी जागा नोंदणं दोन्ही लागतं. काठीचा जोराचा फटका बसला की दोन समांतर लाल रेघा उमटतात आणि मधली पट्टी फिकी राहते. पडल्याने अशी खूण होत नाही. "पळताना पडला" या खुलाशाला त्या दोन रेघाच उत्तर असतात, म्हणून फोटोत मोजपट्टी ठेवून त्या टिपा. आज न दिसलेला खोलवरचा मार उद्या-परवा वर येतो. सुटका झालेल्या माणसाने ४८ तासांनी पुन्हा तपासून घ्यावं ते त्यासाठी.

तळपायावर मारलेलं बाहेरून फार दिसत नाही, चालताना कळतं. मांड्या, पाठ आणि ढुंगणावर भरपूर मार बसला असेल तर आणखी एक धोका असतो. चेचलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि एक-दोन दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडतात. लघवी गडद, चहासारखी होते, प्रमाण कमी होतं. अशा माणसाला तातडीने रुग्णालयात हलवावं लागतं आणि रक्तातलं सीपीके व क्रिएटिनिन बघावं लागतं. वेळीच हलवलं नाही तर मृत्यू "हृदयक्रिया बंद पडून" असा नोंदला जातो आणि नैसर्गिक म्हणून पुढे सरकतो. "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" हे मृत्यूचं कारण धरू नका. हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो. तो कशामुळे थांबला, ते कारण.

आता मृत्यू झाला तर. कलम १९६ नुसार (जुनं १७६ १अ) कोठडीतल्या मृत्यूची मॅजिस्ट्रेटने स्वतंत्र चौकशी करायचीच असते, आणि २४ तासांत मृतदेह जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तशा पात्र डॉक्टरकडे तपासणीला पाठवायचा असतो. शक्य असेल तिथे आई-वडील, मुलं, भावंडं, पती-पत्नी यांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचं असतं. मरणोत्तर पंचनामा होताना घरचं माणूस तिथे हवं. कपडे काढून, अंग उलटं करून पाठ बघितली का, एवढंच त्याने लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

शवविच्छेदन सुरू होण्याआधी अधिष्ठाता आणि चौकशी करणारे मॅजिस्ट्रेट यांना एका पानाचं पत्र द्या. चित्रीकरण करा (राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ मध्येच सर्व राज्यांना हे लिहिलंय), न्यायवैद्यक तज्ज्ञ असलेलं मंडळ नेमा, आयोगाचा १९९७ चा नमुना फॉर्म वापरा, या तीन मागण्या तर हव्यातच. पण चौथी मागणी कुणी करत नाही आणि खरी मेख तिथे आहे. पाठ, ढुंगण, मांड्या, पोटऱ्या आणि तळपाय चिरून आतलं मांस बघा, असं स्पष्ट लिहा. नेहमीच्या पद्धतीत डोकं, छाती, पोट उघडतात; पाठ आणि पाय तसेच राहतात. खोल मार मात्र तिथेच असतो. मृत्यूनंतर खाली साचलेल्या रक्ताचा डाग आणि मुका मार वरून सारखे दिसतात. चिरल्यावर फरक कळतो: साचलेलं रक्त पाण्याने धुऊन जातं, माराचं रक्त मांसात भिनलेलं असतं, ते जात नाही. "तो डाग नैसर्गिक होता" यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालतो, आणि दोन इंचांची एक चीर दिली असती तर तो तिथेच मिटला असता.

नमुन्यांत एक साधी चूक सगळं वाया घालवते. विषतपासणीचा व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तुकडे (माराची जागा, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस) दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये लागतात. सगळंच मिठाच्या पाण्यात गेलं तर जखमेचं वय आणि मूत्रपिंडातला बदल दोन्ही पुन्हा कधी कळत नाहीत. म्हणून पत्रात "हिस्टोपॅथॉलॉजीसाठी स्वतंत्र बरण्या" असे शब्द हवेतच. बरण्या किती, प्रत्येकीत काय, सील कोणाचं आणि कोणत्या शिपायाच्या हाती किती वाजता दिल्या, हे कागदावर मागा. कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या अपघातात ससून रुग्णालयातला आरोपीचा रक्तनमुना बदलल्याचा आरोप पुढे आला तो औंध रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही म्हणून. खटला चालू आहे. पण दुसरा, वेगळ्या ठिकाणी घेतलेला नमुना का लागतो, ते पुणेकरांना वेगळं समजवायला नको.

गळफास दाखवला असेल तर गळ्यावरच्या वळाची दिशा बघा. फासात तो बहुतेक वेळा वर, कानाकडे तिरपा चढतो आणि एका बाजूला तुटतो. गळा आवळला असेल तर आडवा, गळ्याभोवती पूर्ण आणि खालच्या बाजूला असतो. फासाला वापरलेलं कापड, गाठ न सोडता, जप्त झालं का ते विचारा. गाठ सोडली की पुरावा गेला.

डीव्हीआर_कोथरूड

कॅमेऱ्यांबद्दल.

सर्वोच्च न्यायालयाचा परमवीर सिंग सैनी निकाल (२ डिसेंबर २०२०) सांगतो की प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, बोळ, स्वागतकक्ष, निरीक्षकाची खोली, शौचालयाबाहेर असे सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने ठेवायचं; तशी यंत्रणा नसेल तर कमीत कमी एक वर्ष. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. बंद असल्यास त्याने कळवायचं असतं. त्यामुळे "त्या दिवशी कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: बिघाड कोणत्या तारखेला, कोणाला, कोणत्या पत्राने कळवला? आधीचं पत्र नसेल तर घटनेनंतर सुचलेलं कारण आहे हे उघड होतं.

खासगी कॅमेऱ्यांना मात्र असा आधार नाही. दुकान, सोसायटी, पेट्रोल पंप यांचे डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) हार्ड डिस्क भरली की जुन्यावर लिहितात. एक टीबीची डिस्क आणि आठ कॅमेरे असले तर आठवडा-दोन आठवडेच मिळतात. म्हणून पहिल्या दिवशी गाडी कोणत्या रस्त्याने गेली ते काढून त्या मार्गावरच्या कॅमेऱ्यांची यादी करा आणि मालकांना लेखी विनंती द्या. मोबाईलने पडद्याचं शूटिंग करून आणू नका, आणायचंच तर फक्त ओळख पटवण्यासाठी. मूळ फॉरमॅटमध्ये, त्याच्या प्लेअरसकट पेनड्राइव्हवर घ्या. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं (जुनं ६५ब): भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात तो मालक भरतो, भाग ब तज्ज्ञ भरतो, आणि दोन्हींत हॅश आकडा (फाइलची डिजिटल खूण, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहायचा असतो. दुकानदार सही करायला घाबरतो, हे धरून चला. तो नाही म्हणाला तर न्यायालयात कलम ९४ खाली अर्ज करून ते चित्रण मागवून घेता येतं, पण तोपर्यंत पुसलं जाऊ नये म्हणून आपलं विनंतीपत्र आणि त्याची पोहोच हाताशी हवी.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक वेळा चुकलेलं असतं. पडद्यावर १४.२० आणि मोबाईलवर १४.३३ दिसत असेल तर दोन्ही एकाच फोटोत घ्या आणि "१३ मिनिटं मागे" असं लिहा. घड्याळ दुरुस्त करायला जाऊ नका. दुरुस्त केलं की फरक किती होता हे सिद्ध करता येत नाही, आणि नेमक्या त्या १३ मिनिटांवर पुढचा वाद होतो.

घरझडतीत लॅपटॉप-मोबाईल नेले तर कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं असतं. जागेवरच हॅश आकडा मागा आणि पंचनाम्यावर लिहून घ्या. तो दिला नाही तर सही करताना "हॅश दिला नाही, उपकरण चालू/बंद अवस्थेत नेलं, सील माझ्यासमोर केलं/नाही" हे शब्द स्वतः लिहा. एल्गार परिषद प्रकरणात ह्याच मुद्द्यावर जगभर चर्चा झाली. त्या प्रकरणाचा गुन्हा जानेवारी २०१८ मध्ये विश्रामबाग ठाण्यात नोंदला गेला आणि पहिल्या अटका त्याच वर्षी जून आणि ऑगस्टमध्ये झाल्या. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. त्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात नेटवायर नावाचा घातक प्रोग्रॅम २२ महिने होता आणि पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं त्यामार्फत बाहेरून ठेवली गेली, असा त्याचा निष्कर्ष. तपास यंत्रणेला तो मान्य नाही, खटला अजून चालू आहे. पण तो अहवाल शक्य झाला तो आरोपींना जप्त डिस्कच्या प्रती मिळाल्यामुळे. म्हणून क्लोन (हुबेहूब) प्रतीचा अर्ज पहिल्या तारखेलाच टाका.

मुठाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. दोन गोष्टी अजून अडतात. मॅजिस्ट्रेटचा अहवाल पोलिसांविरुद्ध आला तरी पुढे गुन्हा का नोंदला जात नाही? आणि "कोठडीतून पळून गेला" असं सांगितलं, माणूसच हाती नाही, तर सुरुवात कुठून करायची? शिवाय मृतदेह ताब्यात न घेण्याबद्दल तुमचं मत काय?

शिवाजीनगर_कोर्ट

पहिल्याचं उत्तर असं, की कलम १९६ चौकशी करायला सांगतं, अहवालानंतरची पायरी त्यात लिहिलेली नाही. अहवाल फाइलीत जाऊन बसतो. परभणीत सोमनाथ सूर्यवंशींचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, प्राथमिक शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला शॉक असं कारण आलं, तरी गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा ४ जुलै २०२५ चा आदेश लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथेही तो आदेश कायम राहिला. म्हणजे साडेसात महिने आणि दोन न्यायालयं लागली, तेही एवढ्या गाजलेल्या प्रकरणात.

म्हणून अहवालाची वाट न बघता समांतर चाला. ठाण्यात फिर्याद, ती नाकारली की कलम १७३(४) खाली उपायुक्तांना टपालाने लेखी तक्रार, मग शपथपत्रासह न्यायालयात अर्ज. मधली टपालाची पायरी गाळली तर अर्ज तिथेच फेटाळला जातो, असे अर्ज ढिगाने पडलेत. लोकसेवकाविरुद्ध १७५(४) प्रमाणे न्यायालय आधी वरिष्ठाचा अहवाल आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं. खटल्याच्या मंजुरीबाबत नवी तरतूद कामाची आहे: कलम २१८ खाली सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. भारतीय न्याय संहितेत (जुन्या भादंविच्या जागी आलेल्या) कबुलीसाठी मारहाण १२० मध्ये, पुरावा नाहीसा करणं २३८ मध्ये, खोटी सरकारी नोंद २५६ मध्ये आहे. फिर्यादीत शेवटची दोन कलमं लावायला लोक विसरतात आणि दाबणारे मोकळे सुटतात.

मानवाधिकार आयोगाबद्दल: एकाच ठिकाणी जा. राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही. घटनेपासून एक वर्ष उलटलं तर दोन्हीकडे दार बंद. आणि उच्च न्यायालय म्हणजे पुण्यासाठी मुंबईच. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही.

"पळून गेला" ही जुनी कथा आहे. ओडिशाच्या नीलाबती बेहेरा प्रकरणात (निकाल १९९३) पोलीस म्हणाले, मुलगा कोठडीतून पळाला आणि रेल्वेखाली आला. डॉक्टरांच्या साक्षीत जखमा काठीच्या निघाल्या, न्यायालयाने दीड लाख रुपये भरपाई दिली. परभणीचाच अभियंता ख्वाजा युनूस, घाटकोपर स्फोटानंतर पकडलेला, जानेवारी २००३ मध्ये पारनेरजवळ जीप उलटल्यावर पळाला असं सांगण्यात आलं. सीआयडीला ते खोटं आढळलं. त्याचा मृतदेह मात्र आजवर मिळालेला नाही. तेव्हा "पळाला" ऐकताच त्याच दिवशी बंदी प्रत्यक्षीकरणाची (माणसाला न्यायालयासमोर हजर करा, अशी) याचिका तयार करा आणि पळून गेल्याचा वेगळा गुन्हा कधी नोंदला, बिनतारी संदेश किती वाजता गेला, नाकाबंदी लागली का, हे विचारा. खरोखर पळालेल्या माणसामागे दहा मिनिटांत वायरलेस खणखणते. तिथे तासभर शांतता असेल तर तो तासच तुमचा पुरावा.

गोळीबाराच्या प्रकरणात चौकशी आयोग नेमला म्हणून गुन्ह्याचा पाठपुरावा सोडू नका. आयोग फक्त शिफारस करतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला दहा जण मारले गेले. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळ्या झाडल्या, हे पोलिसांचं म्हणणं गुंडेवार आयोगाने नाकारलं, तरी गोळीबाराबद्दल पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाची शिक्षा व्हायला २००९ उजाडलं.

न्यायवैद्यक_नोंदी

मृतदेहाबद्दल मी थोडं वेगळं सांगेन. ताबा घेण्यास नकार देऊन दबाव आणता येतो हे खरं, पण शीतगृहातही शरीर बदलत राहतं आणि दुसऱ्या शवविच्छेदनात दिवसागणिक कमी सापडतं. नकार द्यायचा तर त्याच दिवशी दुसऱ्या शवविच्छेदनाचा अर्ज उच्च न्यायालयात जायला हवा, नुसतं फाटकाबाहेर बसून हाती काही येणार नाही. ताबा घ्यायचा असेल तर पावतीवर "निषेध नोंदवून, पुढील तपासणीचा हक्क राखून" असं लिहून सही करा. आणि घरच्यांना पटत असेल तर दहन टाळून दफन करा. कलम १९६ खाली मॅजिस्ट्रेटला पुरलेला देह बाहेर काढता येतो. हाडावरचा घाव महिन्यांनंतरही दिसतो. ही गोष्ट घरच्यांशी बोलायला फार अवघड आहे, म्हणून ती त्यांच्याच जवळच्या वडीलधाऱ्या माणसाने, शांतपणे, एकदाच सांगावी.

दहा_रुपयांचं_तिकीट

माहिती अधिकाराची भर घालतो. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. एका अर्जात सगळं कोंबलं की परत येतो. चार वेगळे अर्ज करा, प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. माणूस अजून ताब्यात असेल तर वर "कलम ७(१), जीवित व स्वातंत्र्य, ४८ तास" असं ठळक लिहा आणि का, ते एका वाक्यात सांगा.

स्टेशन डायरीचा उतारा मागताना "अमुक दिवशी सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६, सर्व नोंदी, अनुक्रमांकासह" असं मागा. एकच नोंद मागितली तर सुधारलेली एकच मिळते. पूर्ण दिवस हातात आला की क्रम बोलतो: नोंद २३ चार वाजताची आणि नोंद २४ पावणेचारची, किंवा दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात बसवलेली तिसरी. सोबत लॉकअप रजिस्टर आणि त्या दिवशीचा ड्यूटी तक्ता. आणि गाडीचं लॉगबुक, ते तर अजिबात विसरू नका. ठाण्यातून थेट रुग्णालयात नेलं म्हणतात आणि लॉगबुकात चाळीस किलोमीटर जास्त पडलेले असतात, ते किलोमीटर कुठे गेले याचं उत्तर कुणालातरी द्यावं लागतं.

"तपास चालू आहे" म्हणून ८(१)(ह) खाली नाकारलं तर पहिलं अपील ३० दिवसांत. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ च्या भगतसिंग प्रकरणात सांगितलंय. दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. कायद्यातून वगळलेल्या गुप्तवार्ता शाखेकडेही मानवाधिकार भंगाच्या आरोपाची माहिती कलम २४(४) खाली मागता येते. तिथे आयोगाची मान्यता लागते आणि मुदत ४५ दिवस.

डीव्हीआरवाल्यांना एक जोड: ठाण्याचं चित्रण माहिती अधिकारात मागाच, पण त्याच दिवशी ते "जतन करावं" असं वेगळं पत्र ठाणे प्रमुख आणि आयुक्तांना द्या. माहिती अधिकाराचे ३० दिवस चालू असताना चित्रण पुसलं गेलं, तर ते पत्र असल्याशिवाय कुणाला जबाबदार धरता येत नाही.

मुठाकाठ

सगळं उतरवून घेतलं. शवविच्छेदनाचं पत्र, ठाणे अंमलदाराचा अर्ज आणि चित्रण जतनाचं पत्र, असे तीन कोरे नमुने टिपणाच्या शेवटी जोडतो आणि कच्चा मसुदा इथेच टाकतो. कलमांचे आकडे कोर्टवाल्यांनी एकदा तपासून द्यावेत, ही विनंती.

शिवाजीनगर_कोर्ट

टाका. आणि नमुन्यांत वेळेची जागा तारखेपेक्षा मोठी ठेवा, तास आणि मिनिटं दोन्ही मावतील अशी. रात्री अकरा वाजता घाईत भरताना लोक तारीख लिहितात आणि वेळ सोडतात.